धैर्य म्हणजे काय, हे काकांनाही ठाऊक नव्हतं

“ताई, बाबा इज गॉन.” श्रीधरकाकांच्या मुलीचा, मीराचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडी टाकून आतली धग कमी व्हायची वाट बघत होते. अमेरिकन वाळवंटातल्या आमच्या चँडलर गावी उन्हाळ्यात तेवढं थांबावंच लागतं. श्रीधरकाका गेले त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते... हा माणूस कुठल्याही प्रश्नाचं उत्तर झटकन देत नसे आणि तुम्हालाही देऊ देत नसे.

काका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. काकू गेल्यावर त्यांनी प्राचीन ग्रीकांचे संवाद वाचायला घेतले आणि दर रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा मराठी मंडळींना डायनिंग टेबलाभोवती बसवून, पोहे खाऊ घालत, ते वाचून दाखवू लागले. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा पोह्यांसाठी गेले होते. त्या दिवशीचा विषय होता धैर्य. अथेन्समध्ये लोकांना प्रश्न विचारत हिंडणारा एक अनवाणी माणूस दोन मुरलेल्या सेनापतींना विचारतो, धैर्य म्हणजे काय? दोघांचं आयुष्य रणांगणावर गेलेलं, पण सांगता एकालाही येत नाही. उत्तर न सापडताच सगळे घरी जातात. मी पडले सॉफ्टवेअर तपासणारी बाई, उघडा प्रश्न दिसला की माझे हात शिवशिवतात. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना ईमेल केली : ‘धैर्य म्हणजे भीती न वाटणं.’ वर विषयाच्या जागी, तक्रार निकाली निघाली की आम्ही कामावर लिहितो तसं लिहिलं, ‘क्लोज्ड’.

पुढच्या रविवारी काका म्हणाले, “वा, छान आहे गं! म्हणजे रस्त्यावर धावत सुटणारं दोन वर्षांचं पोर आपल्या सगळ्यांत धीट, नाही का?” सगळे खो खो हसले. मी इरेला पेटून दुसरी व्याख्या केली, मग तिसरी... सातवीपर्यंत गेले. काका प्रत्येकीचं मनापासून कौतुक करत आणि एकाच प्रश्नात तिची हवा काढत.

“काका, आता तुम्हीच उत्तर सांगून टाका ना!”

“मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? आणि हे बघ, आपल्याला कळलंय असं तुला वाटत होतं, ते आता वाटत नाही. ग्रीकांच्या हिशेबी खरा विचार इथून सुरू होतो.”

मला त्यांचा रागही यायचा. प्रश्न असा लोंबकळत ठेवणं ही रिकामपणची चैन आहे, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. माझं चुकलं होतं.

या वर्षी काकांना कॅन्सर निघाला. शेवटचं भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, “घाबरलोय गं मी. तुझी पहिली व्याख्या बरोबर असेल तर मी नापास.” मी हसले, आणि गाडीत बसून पोटभर रडले.

गेल्या रविवारी मीराला भेटायला गेले. ती इथेच जन्मली, वाढली; वकिली करते. चहा ठेवता ठेवता तिनं एकदम विचारलं, “ताई, बाबा रोज सकाळी रडायचा. ही वॉज सो स्केअर्ड. टेल मी ऑनेस्टली, वॉज ही ब्रेव्ह?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. कुठल्याही काकू-मावशीनं तेच म्हटलं असतं, आणि ती नुसती समजूत आहे हे मीरानं ओळखलं असतं. मी तो ‘हो’ गिळला.

“रडून झाल्यावर काय करायचे ते?”

“शेव्ह करायचा. नर्स येणार म्हणून. हात खूप शेक व्हायचे, पण मला करू द्यायचा नाही. मग नर्सला तिच्या आईबद्दल विचारायचा. आणि मला म्हणायचा, कामाला जा, उशीर होईल.”

“मग याला काय म्हणायचं?”

“आय डोन्ट नो...”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मीरानं हातानंच मला थांबवलं, काका गेल्यापासून कुणी हात न लावलेली त्यांची डायनिंग टेबलाची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसली.

“तू सांगू नकोस,” ती म्हणाली. “लेट मी ट्राय फर्स्ट.”