खिशातलं मीटर, पोटातला खडा

मुतखडा होऊ नये म्हणून मी पाणी पिणं कमी केलं, आणि मला मुतखडा झाला.

यात मला कुणी फसवलं नव्हतं. ही अक्कल माझी स्वतःची, धंद्यातून आलेली. मी ठिबकवाला, शेतात थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्या आणि त्यांचे ड्रीपर बसवणारा. राहायला जळगावात, मेहरूणला. पण अर्धा आठवडा धुळे जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या बांधावर. कुणाची पपई, कुणाची केळी, कुणाची कपाशी. तक्रार मात्र सगळीकडे एकच, "साहेब, ड्रीपर चोंदले." मग मी नळी कापून दाखवतो. आत पांढरा, खरखरीत थर. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार ठासून भरलेला, तो असा बसतो. वीस वर्षं असल्या नळ्या कापल्यावर एकदा जेवता जेवता माझ्या मनात आलं, आपल्या पोटातही नळ्याच आहेत की.

त्या दिवसापासून फौजदाराने जुन्या चोराकडे बघावं तसं मी पाण्याकडे बघू लागलो.

माझ्या खिशात पेनसारखं एक मीटर असतं. पाण्यात बुडवलं की क्षार किती ते आकड्यात सांगतं. ते विहिरी-बोअरसाठी आहे. मी ते पेल्यांत घालू लागलो. हॉटेलातल्या जगमध्ये, लग्नातल्या जारमध्ये, शेजाऱ्याच्या माठात. आकडा जास्त आला की वाटायचं, हे पाणी गाळलेलंच नाही. कमी आला की वाटायचं, यात नक्की काहीतरी मिसळलंय. भडगावला सासुरवाडीत सासूबाईंनी तांब्या पुढे ठेवला आणि मी मीटर काढलं. त्यांनी मीटरकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन लेकीला म्हणाल्या, मला नीट ऐकू येईल इतक्या हळू आवाजात, "काय वं, पानीले ताप येल शे का?"

दिवसाला दोन पेले, यावर मी येऊन ठेपलो. बाकी तहान चहावर. चहा उकळलेला असतो, म्हणून तो निर्दोष, असा माझा न्याय. उकळल्याने हा क्षार पुरता जात नाही, हे मी स्वतःच शेतकऱ्यांना सांगत असतो. पण चहाच्या बाबतीत मी माझं ऐकत नव्हतो. दुपारी डोकं ठणकायचं, ओठ फुटायचे, लघवीला जळजळ व्हायची. त्याचा संशय मी उन्हावर घेतला, एसटीच्या सीटवर घेतला, बायकोच्या हातच्या शेवभाजीवर घेतला. पाण्यावरही घेतला, पण तो वेगळाच, की हे दोन पेलेसुद्धा जास्त होत असावेत.

मे महिन्यात शिंदखेड्याजवळ एका आबांच्या पपईत गेलो होतो. सत्तरीचे, काटक, बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांचे ड्रीपर चोंदले होते. रीतीप्रमाणे त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी सवयीप्रमाणे त्यात मीटर बुडवलं. आबांचा चेहरा बदलला.

"साहेब, जनमपाईन मी याच विहीरनं पानी पी ऱ्हायनू. मन्हा तोंडमा बी घाला ते, दखा कितला आकडा येस."

मी कसनुसा हसलो आणि तांब्या तसाच खाली ठेवला. दहा मिनिटांत कमरेतून जांघेकडे अशी कळ गेली, की कुणीतरी ओली नळी पिळावी तसं आतून पिळून निघालं. मी पपईच्या बुंध्याशी बसलो, मग आडवा झालो, मग ओकलो. आबांनी मला पिकअपमध्ये घातलं आणि थेट धुळ्याला आणलं. वाटेत माझा संशय त्या तांब्यावर होता. त्यातला थेंबही मी प्यायलो नव्हतो, ही गोष्ट मला त्या क्षणी किरकोळ वाटली.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांसमोर मी बसलो, शेजारी आबा.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"किती लागतं?"

"दोन पेले."

"मे महिन्यात? उन्हात हिंडून?"

"चहा असतो ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लघवीचा रंग?"

"तोही चहासारखाच."

मग मी माझी क्षाराची उपपत्ती त्यांना सांगितली, नळ्यांच्या थरासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पाणी स्वच्छ असावं, हे बरोबर. गाळा, उकळा, फिल्टर लावा. पण प्या. तुमचा खडा पाणी प्यायल्याने झालेला नाही. घामात पाणी जातं, तुम्ही ते भरून काढत नाही, मग लघवी दाट होते आणि आतला क्षार जागच्या जागी धरतो. लघवी फिकट राहील इतकं पाणी पोटात गेलंच पाहिजे. रंग गडद दिसला की कमी पडलं समजा. खडा लहान आहे, खाली सरकतोय. तीन आठवडे वाट बघू. नाही पडला तर दुर्बीण घालून काढावा लागेल. मध्ये ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र तसेच निघून या."

"दुर्बीण कुठून घालतात?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने दाखवलं. शेजारी आबांनी नकळत धोतर सावरलं.

इतकं होऊनही मला अक्कल आली असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्या बायकोला विचारावं. बाहेर पडताना दवाखान्याच्या भिंतीवर मला एक कॅलेंडर दिसलं होतं, जारचं पाणी विकणाऱ्या एजन्सीचं. झालं. फुकटचा उपाय सांगणारा डॉक्टर, आणि भिंतीवर पाणीवाला! दोन्ही टोकं मी मनात जोडली आणि घरी येईपर्यंत खटला उभा केला.

बायकोने मोठी बाटली आणली. नेलपॉलिशने तिच्यावर रेघा मारल्या, दहा वाजता इथपर्यंत, बारा वाजता इथपर्यंत. मी रेघ बघायचो, ती स्वयंपाकघरात वळली की बाटली कूलरच्या टाकीत ओतायचो. रेघा वेळच्या वेळी गाठल्या जात होत्या. कूलरची तब्येत सुधारली.

आठवडाभराने ती म्हणाली, "अहो, बाटली दिवसात तीनदा रिकामी होते आणि मोरीची कडी वाजते दोनदा. पाणी जातं कुठे?"

"घामात."

"कूलरसमोर बसून?"

मी पेपर वर धरला. तिचा माझ्यावर संशय, माझा डॉक्टरवर, आणि खडा आपला मधल्या मध्ये बसलेला.

दुसरा आठवडा सरता सरता आबांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला शिंदखेड्याला गेलो. कमरेत अधूनमधून चमक होतीच. आबा पाणी जपायचं म्हणून व्हॉल्व्ह अर्धाच उघडत, आणि नळ्यांची शेवटची टोकं त्यांनी आतला गाळ धुवायला कधी उघडलेलीच नव्हती. चोंदलेल्या ड्रीपरवर मी नेहमीचं भाषण सुरू केलं.

"आबा, पाणी कमी सोडलं म्हणजे क्षार कमी येतो, ही तुमची समजूत चुकीची आहे. थोडं थोडं सोडलं की तेच पाणी आत साचतं, दाट होतं आणि क्षार जागच्या जागी धरतो. पाणी भरपूर सोडा, टोक उघडा, सगळं धुऊन जाऊ द्या. पाण्यालाच घाबरलात तर नळी..."

हे मी कुठेतरी नुकतंच ऐकलं होतं, आणि ज्यांच्या शेजारी बसून ऐकलं होतं ते आबा समोर उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी फक्त तांब्या पुढे सरकवला. माझा हात खिशाकडे गेला. आबांची नजर त्या हाताबरोबर गेली. मी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि एका दमात तांब्या संपवला. मग दुसराही. गार होतं, किंचित मचूळ होतं, आणि मला किती तहान लागलेली होती ते मला त्या दुसऱ्या तांब्याला कळलं.

पुढचा आठवडा मी प्रामाणिकपणे प्यायलो. सकाळी उठल्याबरोबर, बाहेर पडण्याआधी, प्रत्येक बांधावर. डोकं ठणकायचं थांबलं, तरी मला वाटायचं हा योगायोग असेल. कडी इतक्यांदा वाजू लागली की बायको एकदा बाहेरून ओरडली, "आता पटलं हो!" पुन्हा सोनोग्राफी करायला दोन दिवस राहिले असताना एका सकाळी कळ आली, आणि लघवी गाळायला डॉक्टरांनी दिलेल्या गाळणीत टिक् असा आवाज झाला. तांदळाच्या कणीएवढा, काटेरी, तपकिरी. एवढ्याशा वस्तूसाठी मी पपईखाली लोळलो होतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं, आत आता काही नाही, दुर्बीण नको. पाणी मात्र आयुष्यभर.

खडा मी वॉशर ठेवायच्या छोट्या पिशवीत घातला आणि पुढच्या फेरीला आबांना दाखवायला नेला. कूलरची गोष्टही सांगून टाकली. आबांनी खडा तळहातावर घेतला, त्याच्याशेजारी आपला चोंदलेला ड्रीपर ठेवला, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. आता काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बघा आबा, तुमची नळी चोंदली, माझीही चोंदली. बरोबरी झाली."

आबांनी खडा माझ्या हातात परत ठेवला.

"कसानी बरोबरी, साहेब? नळीले अक्कल नही शे, म्हनीसन ती चोंदाई जास. तुमनं काय?"