मामाच्या मांडीवर दुसऱ्यांदा

आकुर्डीच्या स्कूटर कंपनीत लागलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. कायम झालो तोवर कपाळ टाळूपर्यंत पोचलं आणि मुलीवाले 'पत्रिका जुळत नाही' म्हणू लागले. पत्रिका म्हणे! टक्कल आवडलं नाही, असं सरळ सांगा ना.

मुंबईत एक डॉक्टर मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतो, असं कळलं. रजा टाकली आणि लावून आलो. सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली, खपल्या धरल्या, डोक्याची मागची बाजू बधिर. कंपनीतले सोबती विचारायचे, "काय राव, लावणी झाली? आता पाणी सोडा!"

पुढं खपल्या पडल्या आणि पाठोपाठ लावलेले केससुद्धा! सगळं पीक उशीवर. हे केस गळतात, मुळं आत राहतात, काही महिन्यांनी नवे फुटतात, असं डॉक्टरनं आधीच बजावलं होतं. पण डोळ्यांदेखत गळताना कुणाचा विश्वास बसतो? माझं जेवणावरचं मन उडालं. आईला ते बघवेना. तिनं परस्पर गावच्या देवीला नवस बोलून टाकला, "पोराला केस येऊ दे, पहिलं जावळ तुझ्या पायाशी वाहीन."

आणि केस आले! विरळ का होईना, भांग पडत होता. तळेगावची मुलगी पाहायला जायचं ठरलं. मी खिशात कंगवा घेऊन मिरवत होतो, तोच आईनं न्हावी बोलावला.

"अगं, हे मागचेच केस आहेत! त्यांचं जावळ लहानपणीच झालंय!"

"जागा नवी हाय न्हवं? देवीला फसवायचं व्हय? शुभकार्याआधी नवस फिटलाच पायजे."

जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून चाकणहून मामाही हजर. मी बसलो तसा तो कळवळला, "हळू बस रे घोड्या!" न्हाव्यानं सगळं डोकं गुळगुळीत केलं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तळेगावला टोपी घालून गेलो. मुलीच्या वडिलांच्या पाया पडायला वाकलो आणि टोपी पडली. ते दचकून म्हणाले, "अरेरे, कोण गेलं?" मग आईनं लावणीपासून नवसापर्यंत सगळं रामायण सांगितलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. हेही स्थळ हातचं गेलं!

तरी रीत म्हणून आम्हा दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं. ती आधी तोंडाला पदर लावून पोटभर हसली. मग म्हणाली, "केस येवोत न येवोत. सासूबाईंना एवढंच सांगा, माझ्यासाठी काही नवस बोलू नका."

मी मान हलवली. माझ्या आईला 'सासूबाई' म्हणाली होती ती! टोपी तिथंच विसरून आलो.