कणीक आणि रवा

आजही कणकेच्या ओल्या वासानं धर्माबादचं घर आठवतं. बाबा भजनात पखवाज वाजवायचे. आवाज घुमावा म्हणून डाव्या पुडीच्या चामड्यावर कणीक थापायचे.

एकदा सीमेपलीकडून एक तेलुगू मृदंगवाले पाहुणे आले. त्यांनी मृदंगाला लावायला आईकडे भिजवलेला रवा मागितला.

"आमचं कणकीवरच भागतंय," बाबा हसले.

पण रात्री भजनात पाहुणे वाजवू लागले आणि बाबांना सम सापडेना. पखवाज बाजूला ठेवून ते सगळ्यांसमोर मांडीवर ताल मोजत ऐकत बसले. मला लाज वाटली. आपले बाबा हरले.

दुसऱ्या सकाळी रियाजाला बसताना त्यांनी कणकेची वाटी सरकवली आणि आईला हाक मारली, "थोडा रवा भिजव की. बघू तरी."

बाबांएवढा मोठा वादक मी पुन्हा पाहिला नाही.