ख्रू तेजल

तेजल जाधवला एका जागी बसवत नसे. अभ्याससुद्धा ती पडवीत येरझाऱ्या घालत करायची. आई म्हणायची, "बस गो जरा, जमीन झिजवशील!" आरे-वारेच्या वरच्या अंगाला त्यांची बौद्धवाडी. वडील प्रमोद रत्नागिरीत एका कचेरीत कारकून. गावच्या मराठी शाळेत शिकलेली ही पोर इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, आणि शहरातल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत लागली. तिथं वर्षानुवर्षं तिला शिशुवर्गाच्या पुढं सरकू दिलं नाही. "तुमचे उच्चार जरा गावाकडचे आहेत," मोठ्या मॅडम हसून सांगायच्या. त्या हसण्याचीच तेजलला जास्त चीड यायची. म्हणून एका एजन्सीमार्फत थायलंडमधल्या शाळेची नोकरी चालून आली, तेव्हा घरी न विचारताच ती हो म्हणून बसली. आणि मग निघेपर्यंत पडवीत येरझाऱ्या घालत राहिली.

तिथलं शाळेचं गाव समुद्रकाठचं निघालं. सुकत घातलेल्या मासळीचा, माकुलांचा वास थेट वर्गात यायचा, तेव्हा तिला जरा घरच्यासारखं वाटलं. बाकी काही घरच्यासारखं नव्हतं. इंग्रजी शिकवायला पालकांना गोरी बाई हवी होती. शाळेच्या दारातल्या फलकावर परदेशी शिक्षकांचे फोटो होते. एका सोमवारी तिचा फोटो तिथून नाहीसा झाला. उपमुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी तुमचा तास बघायला येते. मग पुढचं ठरवू."

तेवढे दिवस तेजलचं एकच काम. मोबाइलवर गोऱ्या बायकांचं बोलणं ऐकायचं आणि आरशापुढं तसंच घोकायचं. जीभ वळवून वळवून दुखायला लागली.

शुक्रवारी उपमुख्याध्यापिका हाताची घडी घालून मागं बसल्या. वर्ग पंधरा वर्षांच्या मुलांचा, नेहमीसारखाच मुका. काही विचारलं की सगळ्या माना खाली. तेजल बोलायला लागली, पण आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. ओठ वाकडे करत एक लांबलचक वाक्य तिनं सुरू केलं आणि मधेच अडली. पुढचा शब्दच येईना.

तेवढ्यात मागच्या बाकावरची मुक नावाची मुलगी उठली. मासेमाऱ्याची पोर, एरवी तोंडातून अक्षर न काढणारी. मूठ उगारून ती ओरडली, "ख्रू, सू सू!"

ख्रू म्हणजे बाई, एवढं तेजलला कळत होतं. पण हे पुढचं? तोवर सगळा वर्गच बाकं बडवायला लागला. "सू सू! सू सू!"

शिशुवर्गात, करंगळी वर केलेल्या पोरांच्या तोंडून, हे शब्द तिनं हजारदा ऐकले होते. ती अशी हसत सुटली की तिला टेबल धरावं लागलं. उपमुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मुक गोंधळली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "का हसता? सू सू म्हणजे लढा. हरू नका."

"माझ्या भाषेत त्याचा अर्थ..." तेजलनं करंगळी वर केली, आणि वर्ग अक्षरशः लोळायला लागला.

"कुठली भाषा?" एकानं विचारलं.

"मराठी."

"घरी इंग्रजी नाही?"

"नाही. इंग्रजीतलं पहिलं अख्खं वाक्य बोलले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते."

मग तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्हाला अजून तीन वर्षं आहेत!"

"भीती वाटायची?" मुकनं विचारलं.

"आत्तासुद्धा वाटते."

त्या तासाला ती पुन्हा गोऱ्या बाईसारखं बोलली नाही. आणि पोरं बोलली. चुकत, अडखळत, पण बोलली. मुकनं सांगितलं, बाबा माकुलं पकडतो, आई सुकवते, आणि मला वास येतो. नोकरी वर्षअखेरपर्यंत टिकली, आणि पुढच्या वर्षासाठीही शाळेनं तिला ठेवलं. फोटो मात्र फलकावर परत लागला नाही.

मार्चमध्ये सुट्टीवर घरी आली, तर जुन्या शाळेच्या मोठ्या मॅडमचा फोन. आता नववी-दहावी देऊ, म्हणाल्या. परदेशात शिकवून आलेल्या बाई म्हणून बॅनरवर फोटो लावायचा होता. प्रमोद हरखले. "घरबसल्या मान मिळतोय. आता काय कमी हाय?"

दिवसभर ती घराच्या आतबाहेर करत राहिली. शेवटी इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेली. फोटोवाला लाइट लावत होता. मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "एक सांगते. तुम्ही मराठी शाळेतल्या आहात, हे मुलांना कळू देऊ नका हं."

तेजल खुर्चीतून उठली. "मॅडम, ते कळलं तेव्हाच तिकडची पोरं बोलायला लागली," ती म्हणाली आणि फोटोवाल्याला तसंच सोडून बाहेर पडली. हातचं घालवलं की काय, हा किडा घरी पोचेपर्यंत डोकं पोखरत राहिला.

प्रमोदनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीपण मराठी शाळेतलाच ना गो." आणि थोड्या वेळानं, "मग तिकडं परत कधी निघायचं?"

मे महिन्यात ते तिला रत्नागिरी स्टेशनवर सोडायला आले. गाडीला उशीर होता. तेजल फलाटाच्या टोकापर्यंत जायची, परत यायची. मुकचा वर्ग आता वरच्या इयत्तेत, दुसऱ्या शिक्षकाकडे गेला होता. तिच्या वाट्याला नवी पोरं येणार होती.

"नवी पोरं बोलतील ना गो?" प्रमोदनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा," तेजल म्हणाली. गाडीची घोषणा झाली, तशी तिनं बॅग उचलली.