बोर्डावरची बाई

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गांधीबागेतल्या एका कापड कंपनीच्या ऑफिसात मी मॅनेजरची वाट बघत बसलो होतो. समोर टेलिफोनच्या बोर्डावर तिशीची एक बाई होती. बाहेरून फोन आला की बोर्डावर दिवा लागायचा. मग ती एक वायर उचलून ज्याचा फोन असेल त्याच्या नावाच्या भोकात खोचायची आणि घामेजलेली बोटं पदराला पुसायची.

एक फोन घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "कोन्त्या दवाखान्यात नेलं?" ती विचारत होती, तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून तरातरा आला. "माझा मुंबईचा कॉल यायचाय आणि तू गप्पा मारतेस?" म्हणत त्याने वायर उपटली.

मी संतापून उठलो. तिने हातानेच मला थांबवलं.

"माय बेशुद्ध पडली, साहेब. बहीण सांगून राहिली होती." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या घरून भाजी काय आणू म्हणून फोन आला, तरी मी जोडून देते. माझाच काहून तोडला?"

"घरच्या भानगडी घरी," मॅनेजर म्हणाला.

तिने कानांवरचा हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हा बोर्डावर दुसरी मुलगी होती. त्या बाईला तो दवाखाना सापडला का, तिची माय वाचली का, मी टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मॅनेजरने माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायलो नाही.