कंपाउंडरसाहेबांची दीड मॅच

यवतमाळ जिल्ह्यात फुटबॉलवर एवढा जीव टाकणारा आणि फुटबॉल एवढा कमी पाहिलेला माणूस आमच्या कंपाउंडरसाहेबांखेरीज दुसरा झाला नसेल. मी छप्पन साली कळंबच्या पोस्टात बाबू म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांची एकूण पाहणी अर्ध्या मॅचची होती. लढाईच्या काळात ते कलकत्त्याला लष्करी इस्पितळात होते. कुणीतरी त्यांना एका संध्याकाळी तिथल्या एका क्लबची मॅच पाहायला मैदानावर नेलं, पहिला हाफ त्यांनी डोळे फाडून पाहिला, आणि हाफटाइमला ड्यूटीवरून बोलावणं आलं. दुसऱ्या हाफमध्ये काय झालं हे त्यांना पेपरातून कळलं. तेव्हापासून ते त्या क्लबचे झाले आणि पेपरचेही. लढाई संपली, ते कळंबच्या दवाखान्यात आले, केस पांढरे झाले, पण कलकत्त्याचं इंग्रजी वर्तमानपत्र त्यांनी सोडलं नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपलं राज्य बदललं, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, गावात चौकाचौकात त्याचीच चर्चा. कंपाउंडरसाहेब खिडकीत येऊन मला म्हणाले, "बाबू, मोठी उलथापालथ झाली. लेफ्ट हाफ बदलला."

ते वर्तमानपत्र कळंबला चौथ्या दिवशी पोचायचं. कलकत्त्याहून वर्ध्याला रेल्वेनं, आणि वर्ध्याहून टपालाच्या मोटारीनं. म्हणजे शनिवारी झालेली मॅच कळंबला बुधवारी यायची, आणि कंपाउंडरसाहेबांच्या हिशेबी ती बुधवारीच होत असे. मंगळवारपासून त्यांची झोप उडायची. बुधवारी सकाळी अंघोळ करून ते चिंतामणीच्या देवळात जात, पायऱ्या उतरून खाली गणपतीसमोर डोळे मिटून उभे राहत आणि आपल्या टीमसाठी साकडं घालत. पुजाऱ्यानं एकदा त्यांना हटकलं, की मॅच तर शनिवारीच होऊन गेली, आता देव काय करणार? कंपाउंडरसाहेब शांतपणे म्हणाले, "मले कुठं माहीत आहे काय झालं ते? जोवर मले माहीत नाही तोवर त्याच्या हातात आहे." पुजारी त्या दिवसापासून त्यांना काही विचारत नसे.

या व्यवस्थेला एकच धोका होता, तो म्हणजे डॉक्टरांचा रेडिओ. डॉक्टर तरुण होते, हौशी होते, आणि बातम्यांच्या शेवटी खेळाचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या कंपाउंडरला खूश करावं असं त्यांना मनापासून वाटे. "कंपाउंडर, तुमच्या टीमनं काल," एवढं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघालं की कंपाउंडरसाहेब हातातलं टाकून मागच्या दारानं विहिरीकडे जात. लीग सुरू झाली की सोमवार-मंगळवार ते दोन्ही कानांत दवाखान्यातला कापूस घालून काम करत. रोगी ओरडून सांगत, पोट दुखते. हे खोकल्याची बाटली भरत. शेवटी डॉक्टरांनीच हार मानली आणि मे महिना लागला की खेळाच्या बातम्यांना रेडिओ बंद करायला लागले.

पण दवाखान्यात येणाऱ्या माणसांना खरी भीती बुधवारची असे. त्या काळी औषध म्हणजे बाटलीतलं मिक्श्चर, बाहेरून डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. टीम जिंकली असेल तर कंपाउंडरसाहेबांचा हात सरबताच्या बरणीकडे सैल सुटायचा आणि मिक्श्चर गोड व्हायचं. हरली असेल तर ते असं कडू होई की रोगी दुसऱ्या डोसाच्या भीतीनं बरा होई. बाभुळगावकडून येणारी म्हातारी माणसं आधी पोस्टाच्या खिडकीशी येऊन मला विचारत, "बाबू, आज पेपरात काय आलं?" मी 'हरले' म्हणून मान हलवली की ती तशीच गाडी जुंपून घरी जात.

मोसमाच्या सुरुवातीला त्यांचं भविष्य सांगणं ऐकण्यासारखं असायचं. पहिली मॅच जिंकली की यंदा लीग आपली, शील्ड आपली, दिल्लीचा कपही आपलाच, आता बाकीच्या टीमांनी उगाच घाम गाळू नये. पहिली हरली की क्लब बुडाला, म्हाताऱ्या लोकांना कायले खेळवून राह्यले, कमिटीत सगळे झोपलेले. बरोबरी झाली तर मात्र ते दोन दिवस कुणाशी बोलत नसत, कारण बरोबरीवर काय मत द्यावं हे त्यांना ठरवता येत नसे. अनवाणी खेळणाऱ्या खेळाडूंना बूट सक्तीचे झाले ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हती. ते म्हणत, "पायाले डोळे असतात, बाबू. यायनं डोळ्यावर चामडं बांधलं." आणि हे सगळं समजावून सांगायला ते टेबलावर अकरा बाटल्या मांडत. टिंक्चर आयोडीन सेंटर फॉरवर्ड, कारण तो झोंबतो. दोन्ही विंगांवर यूकॅलिप्टस, कारण ते पटकन उडून जातात. आणि गोलात एरंडेल तेल, कारण त्याच्याजवळ जायला कुणी धजत नाही. एकदा मॅच ऐन रंगात असताना एका बाईला ताबडतोब एरंडेल हवं होतं, तर कंपाउंडरसाहेब तिला म्हणाले, "बाई, पाच मिनिटं थांब. गोल रिकामा ठेवता येत नाही."

दर मोसमाला ते क्लबच्या सेक्रेटरीला इंग्रजीत सल्ल्याचं पत्र पाठवत. उत्तर कधी आलं नाही. "कामाचा माणूस आहे, सवड नसन," एवढंच ते म्हणत. एका वर्षी लेफ्ट आउटचा गुडघा दुखावल्याचं पेपरात वाचून त्यांनी स्वतः तयार केलेल्या, चोळायच्या लिनिमेंटची बाटली पार्सलनं पाठवायला आणली. ती माझ्याच टेबलावर फुटली. आठ दिवस पोस्टाला टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि त्या आठवड्यात कळंबमधून गेलेली सगळी पत्रं सांधेदुखीवर उपयोगी पडली असतील.

वहिनी हे सगळं वीस वर्षं ऐकत आल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, घरात ही दोघंच. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं आणि फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. भाकरी थापताना त्या नवऱ्याकडून कोण पडला, कोण धावला हे ऐकत आणि मधूनमधून "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये काय साठत होतं ते आम्हांला पुढे कळलं.

एका उन्हाळ्यात मोसम सुरू व्हायच्या आधीच बातमी आली की क्लबचा सेंटर फॉरवर्ड क्लब सोडून समोरच्या, म्हणजे जन्माच्या वैऱ्याच्या टीममध्ये गेला. कंपाउंडरसाहेबांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि ते घरी गेले. दोन दिवस जेवले नाहीत. पहिली मॅच हरली. दुसरीही हरली. त्या बुधवारच्या मिक्श्चरची चव मी स्वतः घेतली होती, मला पडसं होतं. पण या वेळी ते रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्याचीच वहिनींना काळजी वाटली. त्या आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाच्या खिडकीशी आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "कलकत्त्याची गाडी वर्ध्याहून कितीले निघते?"

मी विचारलं, "कुणाला जायचं आहे?"

"आमाले दोघाले. आन् तुमाले बी. यायले एकट्यानं गाडी बदलता येत नाही, मले इंग्रजी येत नाही. माणूस असा आतल्या आत खंगून राह्यला, त्यापरीस एकदा डोयानं पाहून येऊ द्या. मले बी गंगा पाह्यची हाय."

कंपाउंडरसाहेबांनी अडचणी काढून पाहिल्या. रजा नाही, रोगी आहेत, ऊन फार आहे. डॉक्टरांनी रजा लगेच दिली. मला वाटतं रोग्यांनीच त्यांना विनवलं असावं. मग एक दिवस ते खरं कारण बोलले. "बाबू, मी गेलो आन् टीम हरली तर? इथं हरते ते चार दिवसांनी शिळं होऊन येते. तिथं ताजं कसं सोसन?" वहिनी आतून म्हणाल्या, "मी हाओ ना."

थर्ड क्लासमधून आम्ही हावड्याला उतरलो, धर्मशाळेत सामान टाकलं आणि शनिवारी भर दुपारी मैदानाच्या रांगेत उभे राहिलो. कंपाउंडरसाहेब काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. वहिनी नऊवारी नेसून, हातात छत्री. लाकडी फळ्यांच्या त्या गॅलरीत हजारो पुरुषांत ही एकच बाई. बंगाली मंडळींनी "मा, मा" करत त्यांना वाट दिली आणि चांगली समोरची जागा मोकळी करून दिली. त्यांच्यामुळे आम्हांलाही.

टीमा मैदानात आल्या आणि कंपाउंडरसाहेब उठून उभे राहिले. मग हळूच खाली बसले. ज्या हाफबॅकचं वर्णन ते मला डोंगर म्हणून करत आले होते तो कोणता, हे त्यांना कळेना. नावं सगळी पाठ, चेहरा एकाचाही माहीत नाही. मैदानावर अकरा अनोळखी माणसं त्यांच्या लाडक्या रंगाची जर्सी घालून पळत होती. चेंडू या टोकाहून त्या टोकाला जाई तोवर त्यांचा चष्मा मधेच कुठेतरी राही. पेपरात खेळ एकेका वाक्यानं पुढे सरकतो. इथं कुणी कुणासाठी थांबत नव्हतं.

"अवो, यातला तुमचा लेफ्ट आउट कोणता?" वहिनींनी विचारलं.

"थांब वं," ते म्हणाले.

हाफटाइमला मी पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. मला उगाचच वाटलं की आता कुणीतरी येऊन त्यांना ड्यूटीवर बोलावून नेलं तर बरं होईल. दुसरा हाफ सुरू झाला. सगळी गॅलरी घामानं भिजलेली, चष्म्यावर वाफ धरलेली. शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं पुसायला घेतला. मी त्यांच्याकडे पाहत होतो, माणसाला भोवळ येते की काय म्हणून. आणि तेवढ्यात आमच्याखालच्या फळ्या थरथरल्या, हजारो माणसं एकदम उठली, शेजारच्या म्हाताऱ्या बंगाल्यानं मला मिठी मारली.

"काय झालं?" कंपाउंडरसाहेब चष्मा चाचपत विचारत होते. "बाबू, काय झालं?"

मला कुठं माहीत होतं.

"गोल झाला," वहिनी म्हणाल्या. त्या जागेवरच बसल्या होत्या, छत्री मांडीवर घट्ट धरून. "उजवीकडून त्या उंच्यानं चेंडू टाकला, आन् तो बारका पोरगा नाही काय, नवा, त्यानं दोघायच्या मधून उडी मारली आन् डोक्यानं मारला. गोलकीपर तिकडं पडला, चेंडू इकडून गेला."

त्या एका गोलावर मॅच जिंकली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी गंगेत स्नान केलं. कंपाउंडरसाहेब घाटाच्या पायरीवर कपडे सांभाळत बसले होते. त्या ओलेत्या वर आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "अवं, त्यानं उडी मारली तवा त्याचे डोळे उघडे होते का मिटलेले?" परतीच्या गाडीत नागपूर येईपर्यंत त्यांनी तो गोल वहिनींकडून किती वेळा ऐकला याची गणती नाही. वीस वर्षं बोलणारे तेच होते. आता ते हातावर हनुवटी टेकून ऐकत होते, आणि मधूनमधून "हं" म्हणत होते. वहिनी प्रत्येक वेळी तेवढ्याच सावकाश सांगत, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

आम्ही कळंबला पोचल्यावर एका दिवसानं त्या मॅचचा पेपर आला. कंपाउंडरसाहेब नेहमीसारखे खिडकीशी उभे. मी म्हटलं, "साहेब, आपण होतो ना तिथं? आपण जिंकलो."

"होतो," ते म्हणाले. "पण पाह्यलं कुठं?" आणि वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. पेपर म्हणत होता की चेंडू डावीकडून आला. त्यांनी पेपर घरी नेला आणि वहिनींना विचारलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "उजवीकडून." दहा मिनिटांत कंपाउंडरसाहेब परत आले आणि ज्या पेपरचा शब्द त्यांनी आजवर वेदासारखा मानला होता, त्याच्या संपादकाला त्यांनी माझ्या टेबलावर बसून पत्र लिहिलं, की आपल्या बातमीदारानं कृपया डोळे तपासून घ्यावेत, आमच्या घरचं माणूस समोर बसलं होतं. त्या बुधवारचं मिक्श्चर इतकं गोड झालं की डॉक्टरांना सरबताची बरणी कुलपात ठेवावी लागली.

पुढे माझी वणीला बदली झाली. वर्षा-दोन वर्षांनी एका थंडीत कळंबहून निरोप आला की कंपाउंडरसाहेब गेले. दवाखान्यातच, काम करता करता, छातीत दुखून. निरोप उशिरा मिळाला, मला जाता आलं नाही. जड हातानं चार ओळींचं पत्र टाकलं. वहिनी आता एकट्या काय करत असतील हा विचार आला की कामात मन घालायचो.

मे महिन्यात वहिनींचं कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी वरखाली गेलेल्या.

"भाऊजींस नमस्कार. मी बरी आहे. पेपर अजून येतो. बंद करायचं पत्र लिहून देतो असं इथले नवे बाबू म्हणाले, मी नको म्हटलं. तेच मला वाचून सांगतात. काल पहिली मॅच आली. आपण दोन गोलांनी जिंकलो. एक त्या बारक्या पोराचा. यंदा टीम चांगली वाटते. तुमाले कळवावं वाटलं."

तो निकाल मी नागपूरच्या पेपरात केव्हाच वाचला होता. तरी खिडकीवर लोक खोळंबले असताना मी ते कार्ड पुन्हा एकदा सावकाश वाचलं, आणि उलट टपाली लिहिलं की वणीला काहीच कळत नाही, तुमच्या कार्डावरूनच समजलं, पुढच्या मॅचचंही असंच कळवत जा.