आत्या जिथे थांबली

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. अंगात येणं, करणी... असल्या गोष्टींवरून मी आईशी भांडते. म्हणून तर हे लिहायला तीन महिने लागले.

वीस-बावीस वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात कुणाच्या हळदीला गेला असाल, तर पप्पांचं गाणं तुम्ही ऐकलं असेल. नाव देत नाही. भाऊ-बहिणीचं आहे. कॅसेटवर नावं पप्पांची आणि राजूरच्या आत्याची. दुसऱ्या कडव्यात भाऊ एक ओळ दोनदा म्हणतो आणि बहीण जरा थांबून उत्तर देते — तेवढ्या जागेसाठी लोक गाणं परत लावायला सांगायचे.

त्याच गाण्यामुळे आत्या आमच्याकडे यायची बंद झाली. रेकॉर्डिंगच्या वेळी ती बारा दिवसांची बाळंतीण होती, सासरीच. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिथली रीत. ती म्हणायची, मी गेलेच नाही. दादाला महिनाभर दम निघाला नाही, दुसरीच बाई गायला लावली आणि नाव माझं टाकलं. पप्पा म्हणायचे, ती चोरून आली, गायली, आणि आता सासरच्या भीतीने नाकारते.

यंदा पप्पांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगेनात. पप्पांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली — मी फसवलं नाही, एवढं तिला पटव.

मी भिंगारला रेकॉर्डिंगवाल्या काकांकडे गेले. स्टुडिओ कधीच बंद झालाय, पण जुन्या टेप त्यांनी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्यात. त्यांनी सांगितलं की दोघांचे आवाज वेगवेगळे भरले होते. आधी एक बाई एकटीच आली, 'मी त्यांची बहीण' म्हणाली, ढोलकीच्या ट्रॅकवर एका दमात गाऊन गेली. चहासुद्धा घेतला नाही. पप्पा दुसऱ्या दिवशी आले आणि दुसऱ्या कडव्यात चुकले. पुढची ओळ आठवेना, म्हणून तीच परत म्हटली.

"मी म्हनलो, गेलं आता," काका म्हणाले. "ताईचा आवाज आदीच भरलाय, तो काय थांबतोय? तर ती थांबलेलीच हुती. आजवर कुनाला बोललो न्हाई. म्हनतील, म्हातारं चळलं."

मग त्यांनी नुसता तिचा ट्रॅक लावला. पप्पांच्या ओळींच्या जागी शांतता. दुसरं कडवं आलं. तिने जिथे उचलायचं तिथे उचललं नाही... आणि अगदी हळू, हसू दाबल्यासारखं — "म्हन दादा, म्हन. थांबलेय मी."

हे वाक्य काकांनी कॅसेट करताना कापून टाकलं होतं.

मी हेडफोन काढून ठेवले. पप्पा तोवर चुकलेच नव्हते. ते चुकले दुसऱ्या दिवशी.

मी राजूरला गेले तेव्हा आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. "बापानं वकील करून धाडली व्हय?" म्हणाली. पण इअरफोन लावले. तीनदा ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यायलाच नको होतं.

"आवाज माजाच हाय," ती म्हणाली. "पन मी उंबरा वलांडला न्हाई गं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात आली. पप्पा घाईघाईने काहीतरी सांगायला लागले. तिने थांबवलं. "आवाज जपून ठीव. मी गेले न्हवते, आन तू बी खोटा न्हाईस. कसं, ते मला इचारू नगं." पप्पांनी पाय आवरून तिला कॉटवर जागा केली.

आता पप्पांचा आवाज नुसता घोगरा उरलाय. ती रोज फोन करते, बोलते. पप्पा हुंकार देतात.

मी मात्र शांत नाही. सारख्या आवाजाची बाई असू शकते, हे मी समजू शकते. पण ती कशासाठी थांबली? कॉलेजच्या सरांना विचारायची लाज वाटते.

काकांनी ती फाईल मला दिली आहे. गाणं संपल्यावरही ती थोडी पुढे चालते. ते मी अजून ऐकलेलं नाही. आत्या म्हणते, पुसून टाक. पप्पा मानेने नको म्हणतात.